पूल बांधणाऱ्यांचे बूट

४ मार्च

चिंगे,

तुझं पाकीट मिळालं. आत शपथेच्या परेडचं निमंत्रण आहे, सोनेरी कडा वगैरे. मी येणार नाही. तुझ्या बाबांना यायचं असेल तर त्यांनी खुशाल यावं, तिकीटसुद्धा मीच काढून देईन, पण मी येणार नाही. हे आधी लिहून टाकलं म्हणजे बाकीचं नीट लिहिता येईल.

तुला वाटेल, इतके महिने आई एक शब्द बोलली नाही आणि आता पत्र लिहितेय म्हणजे विरघळली. डोंबल विरघळली! तिथे तुमचे फोन काढून घेतात म्हणून लिहावं लागतंय. आणि परवा बाबांच्या तोंडून एक गोष्ट निसटली म्हणून. ते म्हणाले, शपथ घेईपर्यंत कुणालाही प्रशिक्षण सोडून घरी येता येतं, एका सहीवर, वर कुणी कारणसुद्धा विचारत नाही. हे तू मला सांगितलं नव्हतंस. अर्थात सैन्यात चाललीस हे तरी कुठे सांगितलं होतंस? रस्त्यांची मोजणी करायची चांगली नोकरी सोडलीस, बाबांना सामील करून घेतलंस आणि मी कामावर गेले असताना बॅग भरून निघून गेलीस. तेव्हा आता माझं ऐक. परेडच्या आधी ती सही कर आणि घरी ये. तुझी खोली आहे तशी आहे. मी काही बोलणार नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

तू लिहितेस, ‘आई, तूच तर मला हे सगळं शिकवलंस.’ वा गं वा! काय शिकवलं मी? मी शिशाचे सैनिक रंगवते, बोटाच्या पेराएवढे. दिवसभर कवळ्या करायच्या, लोकांच्या खोट्या दातांना त्यांच्या त्यांच्या वयाचा पिवळेपणा द्यायचा, आणि घरी आलं की त्याच हातांनी या पेराएवढ्या माणसांना दोनशे वर्षांपूर्वीचे कोट चढवायचे. रविवारी डब्यात भरून क्लबात न्यायचे, फासे टाकून मास्तरांच्या सैन्याशी लढवायचे, हरलं की परत डब्यात. माझ्या मैत्रिणी लोकरीचं विणकाम करतात. त्यांच्या मुली काही मेंढ्या पाळायला गेल्या नाहीत.

आणि लढायांची एवढी पुस्तकं मी वाचते, म्हणूनच सांगते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घोडे उधळलेले असतात, पण आत सगळा जुलाबांचा इतिहास आहे. गोळीने मरतात त्याहून जास्त लोक तापाने, थंडीने आणि सेनापतीचं डोकं दुखत होतं म्हणून मरतात. त्यातही तू कुठे गेलीस, तर पूल बांधणाऱ्या तुकडीत. त्या बर्फाळ नदीचं पान मी तुला वाचून दाखवलं होतं ना? हरलेलं सैन्य पळत येतं, मागे शत्रू, समोर नदी. पूल बांधणारे छातीभर बर्फाच्या पाण्यात उतरतात, पूल उभा करतात, सैन्य पलीकडे जातं. आणि ज्यांनी बांधला त्यांच्यातले जवळजवळ सगळे मरतात. तू लिहितेस की त्या पानामुळेच तू गेलीस. अगं बाई, ते पान मी तुला झोप यावी म्हणून वाचलं होतं!

सही कर. घरी ये.

आई

१९ मार्च

चिंगे,

तुझं उत्तर आलं. सहीबद्दल एक अक्षर नाही. त्याऐवजी जेवण बरं आहे, केस कापले, आणि ‘हल्ली काय रंगवतेयस?’ पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. तरी विचारलंसच तर सांगते.

मास्तरांनी यंदा नेमकी ती नदीचीच लढाई काढली आहे. तुझ्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यापासून हा माणूस नद्यांच्या मागेच लागला आहे. फरशीच्या दुकानावरच्या आपल्या त्या क्लबाच्या खोलीत त्यांनी मोठ्या टेबलावर निळ्या प्लास्टिकची नदी अंथरली आहे आणि काठाला मीठ पसरून बर्फ केला आहे. हिरव्या कापडाखाली माझीच जाडजूड पुस्तकं घालून टेकड्या केल्यात, आणि आता एक पुस्तक वाचायला हवं होतं तर म्हणतात, ‘थांबा, त्यावर तोफखाना आहे.’ पळणारं सैन्य माझं, पाठलाग करणारं त्यांचं. माझ्याकडे पूल बांधणारी तुकडी नव्हती, म्हणून नवी मागवली.

देखणे आहेत गं. कुणाच्या खांद्यावर ओंडका, कुणाच्या हातात कुऱ्हाड, एक जण तोंडात खिळे धरून उभा. नेहमीसारखं पाण्याच्या बाटल्यांच्या बुचांवर एकेकाला चिकटवलं, करडं अस्तर मारलं आणि सुरू केलं. आधी सगळ्यांच्या विजारी, मग सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांचे पट्टे. असं केलं की हात बसतो आणि त्यातला कुणी एक लाडका होत नाही. चेहरे मी मन लावून करते, तुला माहीत आहे. डोळ्याचा काळा ठिपका जरा वर गेला तरी माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. तर या वेळी त्या खिळेवाल्याची डावी भुवई चढली. तुझी चढते तशी, मी काही सांगायला लागले की. पुसून पुन्हा केली. पुन्हा चढली. म्हटलं मरू दे. म्हणजे, राहू दे.

सगळं झालं आणि बूट राहिले. काळा रंग संपला होता. तसं बाबांना सांगितलं, तर त्यांनी कपाट उघडून भरलेली बाटली माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, ‘राहिले की ठेवले?’ मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. ते म्हणाले, ‘माझं काम झालंय, म्हणून तर बघतोय.’ इतक्या वर्षांत या माणसाला वेळेवर बाजूला होणं जमलेलं नाही.

तुला कारण सांगायची गरज नाही, लहानपणापासून क्लबात टेबलाखाली खेळली आहेस. नवी रंगवलेली पलटण पहिल्याच लढाईत मरते. का मरते कुणाला ठाऊक, पण मरते. महिनाभर घासून रंगवलेले घोडेस्वार पहिल्या फाशालाच उडतात आणि रंगाचे टवके उडालेली जुनी खोडं शेवटपर्यंत उभी. क्लबात सगळे यावर हसतात आणि सगळे हे मानतात. तर मी मनाशी एवढाच हिशेब केला, की पूर्ण रंगवलेच नाहीत तर ते नवे ठरत नाहीत.

पण मास्तर! चष्मा कपाळावर चढवून एकेकाला उचलून बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, बूट कुठायत? अर्धवट रंगवलेला माणूस टेबलावर उतरवायचा नाही, हा आपला नियम आहे.’ नियम कुणी केला होता? मीच. आता बोल. त्या रविवारी लढाई पुढे ढकलावी लागली.

तू सैन्यातून बाहेर पड, मग मी त्यांना बूट काय, मोजेसुद्धा घालते.

आई

९ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र वाचून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘आई, त्यांना बिनबुटांचं बर्फात उभं करून वर म्हणतेस की मला त्यांची काळजी आहे. आधी बूट दे.’ फार शहाणी झालीस. सैन्यात तोंड चालवायचंही प्रशिक्षण देतात वाटतं.

त्याच पत्रातलं दुसरं मात्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही, आधी माझ्यापाशी ठेवलं. तुम्ही पाण्यात उभं राहून बांधलेल्या पुलावरून पहिला ट्रक गेला ते. तुम्ही सगळ्या काठावर चिखलात उभ्या, श्वास रोखून, आणि चालकाने मान वळवून खाली बघितलंसुद्धा नाही. ‘आई, त्याला वाटलं रस्ताच आहे!’ असं लिहिलंयस, पुढे तीन उद्गारचिन्हं. चिंगे, हे मला कळतं. माझ्या हातची कवळी घातलेला माणूस समोर बसून सफरचंदाचा कचकन चावा घेतो, बोलत राहतो, तोंडात कवळी आहे हे साफ विसरलेला असतो. तेव्हा मला जे होतं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नसतंच ते. म्हणून तुझं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग मला तुझा राग आला. घर सोडून जायला इतकं चांगलं कारण तुझ्याकडे असायला नको होतं.

तर, बूट रंगवले. गेल्या रविवारी लढाई झाली. ऐक आता.

मास्तर तोफा घेऊन टेकड्यांवर आले. माझं सैन्य नदीपाशी दाटलं. ही चाल पूल बांधणाऱ्यांची, हे त्या खोलीतल्या पंख्यालासुद्धा कळत होतं. त्यांना पाण्यापाशी न्यायचं, काही चाली तोफांचा मार सोसायचा, पूल उभा राहिला की सैन्य पलीकडे. अर्धे जातील, पण सैन्य सुटेल. मी त्यांना उचललं आणि मागे ठेवलं, झाडांच्या आड. म्हटलं, पुढच्या चालीला. पुढच्या चालीला म्हटलं, अजून जरा. मास्तर थांबले, माझ्याकडे बघितलं, फासे टाकले. माझे बंदुकवाले गेले. घोडेस्वार गेले. ती तुझी आवडती जुनी रांग, जी कधीच मरत नाही, तीसुद्धा नदीत ढकलली गेली. शेवटी टेबलावर माझ्या बाजूने एवढेच उरले: झाडांच्या आड उभे असलेले पूल बांधणारे, कोरे करकरीत, चकचकीत बूट घातलेले.

मास्तरांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. ते चिडले. ‘पूल का नाही बांधलात?’

‘थंडी होती,’ मी म्हटलं.

‘बाई, हे मीठ आहे!’

‘माहीत आहे मला.’

‘मग यांना आणलंत कशाला? शोभेला? मी ही लढाई जिंकलेली धरणार नाही. तुम्ही समोर नव्हताच.’ एवढं बोलून मीठ खरवडायला लागले. मी त्यांना चहा दिला, त्यांनी घेतला नाही, मग घेतला. आणि तोंड दुसरीकडे करून विचारलं, ‘पोरगी कशी आहे?’

मी म्हटलं, मजेत.

तर म्हणाले, ‘वर्गात नकाशावर नदी काढली की बाकीची पोरं विचारायची, सर, परीक्षेत येणार का? ही एकटी विचारायची, सर, लोक पलीकडे कसे जातात?’ आणि कप ठेवून निघून गेले. माझी पुस्तकं कापडाखालीच राहिली.

मी घरी येऊन भांडी आपटली. मास्तरांना मुलं नाहीत, त्यांना काय कळतंय, असंही बाबांना म्हटलं. हे त्यांना सांगू नकोस. एखाद्या पुस्तकात माझ्यासारखा सेनापती भेटला असता तर मी समासात ‘गाढव’ असं लिहिलं असतं, पेन्सिलने, दोनदा अधोरेखित करून.

तरीही सांगते, परेडला अजून वेळ आहे. सही कर. तुझी आजी माझ्याबद्दल म्हणायची, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बरोबरच म्हणायची.

आई

२ मे

चिंगे,

परेडनंतर तुम्हाला जेमतेम अर्धा तास दिला आणि त्यात मी काय बोलले? वाळलीस, केस कुणी कापले, मोजे पुरेसे आहेत का. बाबा नंतर म्हणाले, ‘एवढ्या लांब जाऊन मोज्यांची चौकशी केलीस.’ तेव्हा जे राहिलं ते आता लिहिते. परवा तुम्ही निघणार. कुठे, ते तू हसत हसत सांगितलंस. त्या सीमेची बातमी लागली की बाबा हल्ली आवाज कमी करतात, त्यांना वाटतं मला कळत नाही.

आधी परेडचं सांगते, कारण तू विचारलंस, ‘आई, तू कुणाला हात करत होतीस?’ आणि मी विषय बदलला. तुलाच करत होते. निदान माझी तशी समजूत होती. तुम्ही सगळ्या एकासारख्या एक, टोपी भुवयांपर्यंत, हनुवट्या वर. आयुष्यभर मी पेराएवढ्या माणसांचे चेहरे वेगवेगळे करत आले, आणि माझीच पोरगी मला रांगेत सापडेना. शेवटी दुसऱ्या ओळीत कडेला एक दिसली. म्हटलं हीच. पूर्ण परेडभर मी तिच्याकडे बघत होते. तिला हात केला. टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईला म्हटलं, ती बघा, ती माझी. बाबांना पहिल्यापासून माहीत होतं की ती तू नाहीस. एक शब्द बोलले नाहीत.

तू माझ्यासमोरून गेलीस म्हणे, हाताच्या अंतरावरून. तू मला पाहिलंस आणि मी भलतीकडेच बघत होते. हे मला फार लागलंय, चिंगे. पण मग तू त्या मुलीबद्दल सांगितलंस, तुझ्या खोलीतली आहे, तिच्या घरचं कुणी आलं नव्हतं, आणि ती सगळ्यांना विचारत होती, ‘ती डोळ्यांत पाणी आणून मला हात करणारी बाई कोण?’ तिला सांग, डोळ्यांत पाणी नव्हतं, ऊन होतं. आणि सांग की चालली छान. एकदासुद्धा पाऊल चुकलं नाही. मी बघत होते ना.

आता दुसरं. हे बाबांनी तुला सांगितलं नसेल, कारण मी त्यांना शपथ घातली होती.

आम्ही परेडच्या दिवशी आलो नाही. आदल्या दिवशीच आलो होतो. माझ्याकडे एक पिशवी होती, बाबांना सांगितलं होतं की माझा स्वेटर आहे. त्यात तुझे घरचे कपडे होते. ती निळी पँट, ढगळ शर्ट, सँडल. माझा बेत अगदी सोपा होता. तुला गेटवर बोलवायचं आणि रडायचं. तू सही केली नाहीस ती माझ्या पत्रांना न जुमानता. पण मी रडले तर तू येतेस, हे मला पक्कं माहीत आहे. मी कधी रडत नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं शिल्लक होतं. एकदाच वापरायचं आणि तुला घेऊन जायचं. माझा नेम चुकला नसता. हे तुलाही माहीत आहे.

गेटवरच्या पहारेकऱ्याने थांबायला सांगितलं, तो फोनवर बोलत होता. आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो. तेवढ्यात आतल्या मैदानातून तुमची तुकडी आली. केवढं ते लोखंडी तुळईचं धूड तुमच्या खांद्यांवर, गुडघ्यांपर्यंत चिखल. चिखलात मात्र मी तुला लगेच ओळखलं. सगळ्यांत पुढे होतीस आणि मागच्यांवर ओरडत होतीस, ‘डावीकडून घ्या! अगं, डावी म्हणजे डावी, तुझी कोणती ते नंतर ठरव!’ माझाच आवाज, माझीच कटकट. मागच्या सगळ्या हसत होत्या आणि तुळई कुणी सोडली नाही. मग तुम्ही ती शेडपाशी खाली ठेवलीत आणि तू वळून तिच्याकडे बघितलंस, कमरेवर हात ठेवून. तुझ्या तोंडावर काय होतं ते मी तुला सांगणार नाही. तुझं तुला माहीत असेल. मी ते घरी कधी बघितलं नव्हतं.

पहारेकऱ्याने फोन ठेवला आणि विचारलं, ‘कुणाला बोलावू, बाई?’

बाबा माझ्याकडे बघत होते. पिशवी त्यांच्या हातात होती आणि ती स्वेटरपेक्षा जड होती. ते मूर्ख नाहीत.

मी म्हटलं, ‘कुणाला नको. उद्या आईवडलांना कुठल्या दारातून आत सोडतात, तेवढं सांगा.’

मला भीती वाटते, चिंगे. वाटत राहणार, त्यावर उपाय नाही, आणि तो शोधायचं काम तुझं नाही. तू पाण्यात उतरशील तेव्हा मी तिथे नसेन आणि तुला झाडांच्या आड ठेवायला कुणी नसेल. नीट बांध. घाई करू नकोस. पोहोचलीस की कळव, ‘पोहोचले’ एवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझे कपडे परत आणले आणि धुऊन कपाटात ठेवले. शर्टाचं एक बटण सैल होतं, ते घट्ट केलं. सुट्टी मिळाली की ये. त्या खोलीतल्या मुलीलाही घेऊन ये, तिला घरी बोलवायला कुणी नसेल तर.

आई